बरणीच्या तोंडावरचं मेण

बरणीला धुरी कशी द्यायची हे मला कुणी शिकवायला येऊ नये. बरणी आधी राखेनं घासायची, कढत पाण्यानं विसळायची, उन्हात खडखडीत वाळवायची. मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायचा, धूर उठला की त्यावर बरणी पालथी घालायची, आणि आतला धूर निसटायच्या आत लोणचं भरून तोंडाला फडकं बांधून टाकायचं. ओल्या हाताच्या बाईला मी बरणीच्या आसपास फिरकू देत नाही, मग ती माझी सख्खी बहीण का असेना. थळपासून मांडव्यापर्यंत कुणालाही विचारा, जैबुन्निसाचं लोणचं कधी बुरसलं का म्हणून.

एकदाच बुरसलं. आणि बुरसलं म्हणून मला सगळं कळलं, नाहीतर मी अजून उंबऱ्यावर बसून वाटच बघत राहिले असते.

माझा नवरा हमदुल्ला केपला होता. केप म्हणजे आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला. आमच्या कोकणी मुसलमानांच्या वस्तीतले निम्मे पुरुष तिथं. कुणी भाजी विकतो, कुणी फळं, कुणाचं छोटंसं दुकान. निकाह झाला, एक पावसाळा आम्ही एकत्र काढला, आणि रेवसच्या धक्क्यावरून आगबोटीत बसून हा गेला मुंबईला, तिथून मोठ्या जहाजानं पुढं. मध्ये एकदा येऊन गेला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "जैबू, पुढच्या खेपेला तुझं तिकीट धाडतो. बोलावूनच घेतो तुला." बोलावतो म्हणाला ना? मग बोलावेल. एवढ्यावर मी वर्षं काढली. दुसरं होतं काय माझ्याकडं? कूस काही उजवली नव्हती.

घरात मी आणि माझी सासू, तैयबा. मी तिला अम्मा म्हणायची. सासू-सुनांची भांडणं जगात होतात, आमच्यात झाली नाहीत असं नाही, पण ती मिठावरून, सरपणावरून. बाकी तिनं मला लेकीसारखं ठेवलं, खोटं कशाला बोलू. केपला जाणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्या खणखणीत आवाजात निरोप द्यायची, "त्याला म्हनावं, पोरीला बोलवून घे आता. माझं मी बघीन." लिहिता-वाचता आम्हा दोघींपैकी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं निरोप सगळे तोंडी.

आणि निरोपाबरोबर जायची ती बरणी. कैरीचं लोणचं, चांगलं लालभडक. हमदुल्लाला तिखट असं लागायचं की खाताना नाक गळलं पाहिजे. आमच्या गावात एक यहुदी तेली होता, शनिवारी घाणा बंद ठेवणारा. त्याच्याकडचं ताजं तिळाचं तेल मी आणायची, गरम करून गार करून वर ओतायची, तोंडावर फडकं, फडक्यावर झाकण, झाकणाभोवती कणकेचं लिंपण, आणि वर सुतळी. जहाज कितीही हललं तरी थेंब बाहेर येत नसे. ती बरणी न्यायचा अब्दुस्समद, हमदुल्लाचा चुलतभाऊ. तो सारखा जाऊन-येऊन असायचा. परत येताना बरणी घेऊन यायचा, नुसती रिकामी, कधी तर तळाला वाळलेला खार तसाच. पुरुषच ते. माणूस रिकामं भांडं परत धाडत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो आत, हे त्यांना कोण सांगणार?

त्या साली मिठावरून सगळ्या मुलखात धामधूम चालली होती. आगरांवर पोलीस, रस्त्यात माणसं, घोषणा. मला मेलं त्याचं काहीच नव्हतं. कैऱ्या उतरायला लागल्या होत्या, आणि समद मुंबईला पोचल्याचं कळलं होतं. मला वाटत होतं, या खेपेला तिकीट घेऊनच येतोय.

तो आला दुपारच्या बोटीनं. दारात टेकला, पाणी प्यायला, आणि बरणी पुढं ठेवली. मी उचलायला गेले तर जड.

"रिकामी न्हाय ही," मी म्हटलं.

"न्हाय भाभी. गोड हाय आत. त्यानं धाडलंय."

अम्मा तर फुलूनच गेली. "बघितलंस? माझ्या लेकाला जाण आली!" मला हसू आलं. मी म्हटलं, जाण यायला समुद्र ओलांडावा लागला होय?

"आन् तिकिटाचं?" मीच विचारलं. लाज बाजूला ठेवून विचारलं.

समद म्हणाला, "ते बघतोय तो. पर आधी दुसरा निरोप हाय. मागल्या खेपेचं लोणचं बुरसलं वरनं."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. "माझं?"

"व्हय. तर त्यानं सांगितलंय, नुसत्या धुरीनं भागत न्हाय." आणि हा बाबा डोळे मिटून, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणायला लागला, "मोठ्या टोपात तळाला जाड फडकं घालायचं. त्यावर बरणी ठेवायची. पाणी गारच घालायचं आन् मग चूल पेटवायची. चांगली उकळली की बाहेर काढायची, पुसायची न्हाय, आपसूक सुकू द्यायची. ऊन ऊन असतानाच भरायची. आन् वर मेण वितळवून ओतायचं."

मी ऐकत राहिले. आधी राग आला तो लोणच्याचा. मग दुसरंच काहीतरी खटकलं.

अहो, हमदुल्लाला मी ओळखते ना! मीठ कुठल्या डब्यात हे त्याला ठाऊक नव्हतं. एकदा चहा ओतायला गेला तर थंडगार काचेच्या पेल्यात उकळता ओतला, पेला दुभंगला, आणि वर मलाच म्हणाला, तुझे पेले कच्चे. हा माणूस सांगणार पाणी गार घाल म्हणून? आणि तळाला फडकं! टोपात बरणी उकळताना खडखडते, बुडाला आपटून आपटून तडकते, हे कुणाला माहीत असतं? जिची एक तरी बरणी तशी फुटलीय तिलाच. हा निरोप चुलीपाशी बसणाऱ्या कुणाचा तरी होता.

मी सरळ आवाजात विचारलं, "समदभाई, हे त्यानं सांगितलं?"

"व्हय."

"मग आमच्या टोपात बरणी पुरती बुडली न्हाय तर काय करायचं?"

"ते तिनं न्हाय सांगितलं," समद म्हणाला, आणि जीभ चावली.

तिनं.

केवढासा शब्द तो! मी अम्माकडं पाहिलं. तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं तरी तिनं तसं दाखवलं नाही. समद घाईघाईनं म्हणाला, "म्हंजे शेजारची बाई हाय तिथं एक. तिला येतं हे सगळं." मी तेच धरलं. शेजारची असेल. का नसेल? शेजारी बायका राहतातच. माणसाला जे हवं ते पटायला कितीसा वेळ लागतो.

"खोल ती बरणी," अम्मा म्हणाली. "बघू तर काय धाडलंय."

मी फडकं सोडलं. फडकं म्हणजे काय, चांगलं फुलाफुलांचं कापड, कडेला बारीक टाके घातलेले. गाठ इतकी नेटकी की मला सोडवेना. सुरी घालून कापली. आत पांढरं मेण, पूर्ण तोंडभर, कुठं भेग नाही. हात चांगला होता बाईचा. तेही मी बघितलं, रागातसुद्धा बघितलं. सुरीचं टोक कडेनं फिरवलं तशी मेणाची चकती अख्खी निघून हातात आली. खाली मोरांब्यासारखं नारिंगी, चकचकीत गोड. वास आला तो जर्दाळूचा.

आणि मेणावर बोटं होती.

म्हणजे खळगे हो, बोटांचे. मेण ओतून गार होत असताना कुणीतरी त्यात बोट खुपसलं होतं. एकदा नाही, मजा वाटली म्हणून पुन्हा पुन्हा, कडेकडेनं. एका खळग्यात नखाची बारीक कोर पण उमटली होती. मी माझी करंगळी लावून बघितली. मावली नाही.

"हे कुणाचं बोट?" अम्मा म्हणाली.

समद उठायला लागला.

"समद," मी म्हटलं, "तुला कुराणाची कसम. शेजारणीचं पोर हाय का हे?"

तो परत खाली टेकला. म्हणाला, "भाभी, मी लई सांगितलं त्याला. म्हटलं, तुझं तू घरी कळव, माझ्या तोंडून नको." आणि मग सगळंच बाहेर आलं. तिथल्याच मलाया मुसलमानांतली बाई. रीतसर निकाह. दुकान दोघं मिळून बघतात. मुलगा हाय एक, चालाया लागलाय, जिथं तिथं हात घालतो. "तोंडावळा सगळा हमदुल्लाचा," तो म्हणाला. बाईचं नाव सांगायला लागला तर मी हात वर केला. नाव नको. नाव कळलं असतं तर ते रोज माझ्या तोंडात आलं असतं.

पहिल्यांदा ओरडली ती अम्मा. अशी ओरडली की शेजारची माणसं अंगणात आली. "आग लागो त्याच्या कमाईला! मेला तो मला! ह्या पोरीला दाराशी बसवून तिकडं संसार मांडला व्हय?" मला तिनं कवटाळलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "तू माझी लेक. तो न्हाय माझा कुणी." मी रडलेसुद्धा नाही तेव्हा. मला नुसतं तिच्या अंगाला टेकून राहावंसं वाटत होतं. वाटलं, नवरा गेला तर गेला, ही आहे. खरं सांगते, त्या क्षणी मला जगायला तेवढं पुरलं असतं.

त्या रागाच्या भरात तिनं बरणी परसात नेली, गोड सगळं आळ्यात उलटं केलं, वर माती लोटली. मुंग्यांची चंगळ झाली. चकतीचं मात्र काय झालं ते मी विचारलं नाही.

दोनचार दिवस असेच गेले. अम्मा जेवत नव्हती, माझ्याकडं बघून डोळे पुसायची. मग जेवायला लागली. मग एक दिवस मी माठ भरायला गेले, तर माठाखालची ओली वाळू उकरलेली. बोट घातलं तर काहीतरी गुळगुळीत लागलं. जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून चकती ठेवली होती तिथं. वैशाखातलं ऊन ते, आमच्या घरात लोणी राहत नाही, मेण कसं राहील? खळगे बुजतील म्हणून तिनं ते गारव्याला ठेवलं होतं.

मी होतं तसं ठेवलं आणि माठ भरला.

मग मला दिसायलाच लागलं. दुपारी मी डोळे मिटून पडले की ती हळूच उठायची. माठाकडं जायची. मांडीवर चकती घेऊन त्या खळग्यांवरून बोट फिरवायची, ओठ हलायचे. एकदा तिनं ती डोळ्यांना लावली. मी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. काय बोलणार? तिचंच रक्त ते. माझ्याकडून तिला ते मिळालं नव्हतं, आणि मिळणारही नव्हतं. हे मला समजत होतं हो. समजतं म्हणून दुखायचं थांबतं थोडंच?

समदचं जायचं जवळ आलं. पाऊस लागायच्या आत मुंबईहून जहाज होतं. मला वाटलं होतं, या खेपेला बरणी जाणार नाही. कुणासाठी भरायची? पण सकाळी अम्मा बाजारातून साखर घेऊन आली. कैऱ्या तिनं आधीच धुऊन ठेवल्या होत्या.

"जैबू," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्या खेपेला लोणचं नको घालू. मोरांबा कर."

"मोरांबा?"

"तिखट नको," ती म्हणाली. "लहान तोंड हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कैऱ्या उचलून विहिरीत टाकाव्या असं वाटलं. म्हणावं, अम्मा, तूच कर, तुझ्या हातांना काय झालंय? पण तिचे हात वातानं वाकडे झाले होते, किसणी तिला धरवत नव्हती. आणि ती उभी होती अशी, चोरी पकडल्यासारखी, साखरेची पुडी छातीशी धरून. मी किसणी घेतली.

मोरांबा मी चांगला केला. वाईट करता येत नाही मला, हाच माझा रोग. पाक दोनतारी घेतला, लवंगा वेलची घातली. आणि बरणीला धुरी दिली नाही. टोप काढला, तळाला जुनी गोधडी घडी करून घातली, वर बरणी ठेवली, गार पाणी ओतलं आणि चूल पेटवली. का म्हणाल? माझी बरणी तिच्या दारात बुरसलेली उघडावी आणि तिनं पुन्हा मला शिकवावं, हे मला चालणार नव्हतं. पाणी उकळायला लागलं. बरणी जागची हलली नाही, खडखडली नाही. बाई खरंच सांगत होती. मला त्याचाही राग आला.

बरणी निघाली, सुकली, ऊन ऊन मोरांबा आत गेला. राहिलं मेण. मेण कुठून आणायचं? अलिबागला जायला वेळ नव्हता. मी सरळ माठाकडं गेले, वाळू उकरली आणि चकती काढली. देवाशपथ, त्या वेळी माझ्या मनात पाप नव्हतं. मला मेण हवं होतं आणि घरात मेण तेवढंच होतं. पळीत घातली आणि पळी चुलीकडं नेली.

"ठेव ते!"

अम्मा दारात. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"अम्मा, मेणच हाय. तोंड बंद करायला पायजे ना."

"ठेव म्हनते ना! हात लावू नको त्याला!"

तिनं येऊन पळी माझ्या हातातून हिसकावली. चुलीची धग लागली असेल तिला, पण तिनं चकती आधी पाहिली, पालथी-उलथी करून, कडेनं बोट फिरवून, सगळे खळगे आहेत ना म्हणून. मग माझ्याकडं पाहिलं. मी त्या घरात आल्यापासून त्या नजरेनं तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. जशी मी पोराच्याच अंगावर धावून गेले होते. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही दोघी. एका चटईवर झोपलो. ताप आला की एकमेकींचं डोकं दाबलं. मी तिथं चुलीपुढं बसले होते आणि मला कळत होतं की मी या घरात आता कुणाचीच नाही.

बरणीला मी कणीकच लावली, नेहमीसारखी.

समद संध्याकाळच्या बोटीला निघाला. अम्मानं बरणी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली. माझ्या मनात, वेड्या मनात, अजून होतंच काहीतरी. वाटत होतं, आता ती म्हणेल. आधी शिव्या देईल लेकाला, आणि मग म्हणेल, ह्या पोरीचं काय ते बघ.

"त्याला म्हनावं," अम्मा म्हणाली, "झालं ते झालं. मी काय कुनाला शाप देत न्हाय. पर पोराला घिऊन ये एकदा. मला त्याचं तोंड बघू दे मरायच्या आत. बाईला पन आन म्हनावं, माझी ना न्हाय."

समद घुटमळला. माझ्याकडं बघून त्यालाच कसंनुसं झालं असावं. "आन् भाभीचं काय सांगू, चाची? तिच्या तिकिटाचं?"

"जैबू कुठं जाते आता?" अम्मा म्हणाली. अगदी सहज म्हणाली, रागानं नाही, दुष्टपणानं नाही. "पोरगं आलं की त्याला न्हाऊ-माखू घालाया, भरवाया कोनतरी पायजे का नको? माझ्यानं आता हुतं का? ती हाय की हितं."

समदनं मान हलवली. अम्मा त्याला पोचवायला धक्क्यापर्यंत गेली, बरणी नीट धर, बरणी नीट धर म्हणत. मी आत गेले, टोप घासायला घेतला आणि रडले. मोठमोठ्यानं रडले. घरात ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं आवाज दाबायची गरज पडली नाही.